बेगमीचा पैसा आणि मदतीचा पैसा

२२ जानेवारी २००९ या दिवशी सिंगापूरचे तेव्हाचे अर्थमंत्री थर्मन षण्मुगरत्नम यांनी संसदेत अर्थसंकल्प मांडला. एरवी इथला अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो. त्या वर्षी तो लवकर आणावा लागला. लेहमन ब्रदर्स बुडून चार महिने झाले होते, निर्यात झपाट्यानं घसरत होती आणि अर्थव्यवस्था वर्षभरात ५ टक्क्यांपर्यंत आकसू शकते, असा सरकारचाच अंदाज होता. त्यावर उतारा म्हणून जे पॅकेज मांडलं गेलं, त्याचा आकडा होता २०.५ अब्ज सिंगापूर डॉलर. नाव होतं 'रेझिलियन्स पॅकेज'. मराठीत त्याला तग धरण्याचं पॅकेज म्हणता येईल.

त्यात पाच कलमं होती. नोकऱ्या टिकवण्यासाठी ५.१ अब्ज. बँकांनी कर्ज देताना हात आखडता घेऊ नये म्हणून ५.८ अब्ज. कंपन्यांच्या हातात रोकड राहावी म्हणून २.६ अब्ज. कुटुंबांना हातभार म्हणून आणखी २.६ अब्ज. आणि पायाभूत सुविधा, शाळा, आरोग्य अशा सार्वजनिक कामांसाठी ४.४ अब्ज. पहिल्या कलमातली मुख्य योजना अगदी साधी होती. प्रत्येक स्थानिक कर्मचाऱ्याच्या महिन्याच्या पगारातल्या पहिल्या २,५०० डॉलरवर १२ टक्के रक्कम सरकार मालकाला देणार. माणूस कामावर राहिला तर पैसे, काढलात तर नाही. शिवाय पुढच्या दोन वर्षांत सरकारी आणि सार्वजनिक सेवांमध्ये १८,००० जागा उपलब्ध होतील, असंही जाहीर झालं. खासगी कंपन्या माणसं कमी करत असताना चांगले शिक्षक आणि परिचारिका मिळवण्याची सरकारला ती संधी होती.

या पाच कलमांत विद्यापीठांतल्या संशोधनासाठी वेगळं कलम नव्हतं.

आपल्यापैकी जे तेव्हा अमेरिकेत होते त्यांना याच्या उलट चित्र आठवत असेल. जेमतेम चार आठवड्यांनी, १७ फेब्रुवारीला, बराक ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. त्यात वैद्यकीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था एनआयएच हिला सुमारे १०.४ अब्ज आणि मूलभूत विज्ञानाला पैसा देणाऱ्या एनएसएफला ३ अब्ज डॉलर मिळाले. राज्यांच्या शाळा आणि विद्यापीठं सावरण्यासाठी ५३.६ अब्जांचा वेगळा निधी होता. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये त्या वसंतात जे वातावरण होतं, त्याला दिवाळी म्हणायला हरकत नाही.

मग सिंगापूरनं मंदीत संशोधनाला वाऱ्यावर सोडलं का? आकडे तसं सांगत नाहीत. २००८ मध्ये इथला संशोधनावरचा एकूण खर्च सुमारे ७.१ अब्ज सिंगापूर डॉलर होता. २००९ मध्ये तो सुमारे ६ अब्जांवर आला. पण ही सगळी घट खासगी कंपन्यांची होती. सरकारी, विद्यापीठीय आणि सार्वजनिक संस्थांचा खर्च त्या वर्षी उलट वाढला. २००८ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठात कर्करोगावरचं संशोधन केंद्र उभं राहिलं. २००९ मध्ये तिथेच पेशींच्या यांत्रिकीवरचं केंद्र आलं आणि नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात भूकंप-ज्वालामुखींचा अभ्यास करणारी पृथ्वी वेधशाळा. तिन्ही केंद्रं दीर्घ मुदतीच्या निधीवर उभी होती. मंदीसाठीच्या पॅकेजचा त्यांच्याशी संबंध नव्हता, कारण त्यांचा पैसा मंदी येण्याआधीच बाजूला काढून ठेवलेला होता.

आपल्याकडे जुन्या घरांमध्ये मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करत. गहू-तांदूळ निवडून भरून ठेवायचे, पापड-कुरडया, लोणचं, सरपणसुद्धा. आभाळ फाटल्यावर शेजाऱ्याकडे वाटीभर पीठ मागणं वेगळं आणि बेगमी वेगळी. दोन्हींची गरज पडते, पण एकीचं काम दुसरीनं होत नाही. सिंगापूरच्या गेल्या चाळीस वर्षांच्या हिशेबात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की त्यांनी मदतीचा पैसा आणि बेगमीचा पैसा या दोन वेगळ्या बरण्या ठेवल्या. हे जमलं कसं, आणि या व्यवस्थेत कोण बाहेर राहतं, हे दोन्ही पाहण्यासारखं आहे.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी मंदी सिंगापूरनं त्या वर्षी अनुभवली. तेव्हाचा उपाय कडू होता. आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखा इथे सीपीएफ असतो. त्यात मालकाचा वाटा पगाराच्या २५ टक्के होता, तो एका झटक्यात १० टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे मंदीचा भार कामगारांच्या म्हातारपणीच्या पुंजीवर पडला. कारखाने वाचले. पण ली सिएन लूंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्थिक समितीनं १९८६ मध्ये दिलेल्या अहवालाचा रोख स्पष्ट होता, की स्वस्त मजुरीवर हा देश फार काळ चालणार नाही. गंमत म्हणजे त्याच १९८५ साली राष्ट्रीय विद्यापीठात रेणवीय व पेशी जीवशास्त्राची संस्था स्थापन झाली होती. जगातल्या नामवंत प्रयोगशाळांशी बरोबरी करायची या हेतूनं काढलेली ही इथली पहिली संस्था म्हणता येईल.

१९९१ मध्ये पहिली राष्ट्रीय तंत्रज्ञान योजना आली. पाच वर्षांसाठी २ अब्ज डॉलर. पंचवार्षिक योजना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीचं योजना भवन येतं. बाजारपेठेचा देश म्हणून ओळखलं जाणारं सिंगापूर संशोधनाच्या बाबतीत मात्र आजही पंचवार्षिकच आहे. १९९६ ला ४ अब्ज, २००१ ला ६ अब्ज, २००६ ला सुमारे १३.५ अब्ज, २०११ ला १६.१ अब्ज, २०१६ ला १९ अब्ज, २०२१ ला २५ अब्ज. या तीस वर्षांत १९९७ चं आशियाई चलनसंकट आलं, २००१ ची मंदी आली, २००३ चा सार्स आला, २००८ चं आर्थिक संकट आलं आणि २०२० ची महामारी आली. आकड्यांची ही रांग एकदाही उतरलेली नाही. त्यातही २५ अब्जांची घोषणा डिसेंबर २०२० मधली, म्हणजे सिंगापूरची अर्थव्यवस्था सुमारे ४ टक्क्यांनी आकसली त्याच वर्षातली.

बायोपोलिस या संशोधननगरीचं उदाहरण घ्या. तिच्या कामाला सुरुवात झाली २००१ च्या मंदीत आणि उद्घाटन झालं ते सार्स येऊन गेल्यावर, ऑक्टोबर २००३ मध्ये. मंदीतल्या बांधकामानं रोजगार दिला असेलच, पण तो तिचा हेतू नव्हता.

२००६ च्या जानेवारीत राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं, पंतप्रधानांच्या कार्यालयाखाली. त्याच्यासोबत ५ अब्ज डॉलरचा राष्ट्रीय संशोधन निधी आला. या निधीचं मर्म त्याच्या हिशेबात आहे. आपल्याकडे ३१ मार्चच्या आधी खर्च झाला नाही तर तरतूद परत जाते, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये खुर्च्या आणि प्रिंटर विकत घेण्याची धांदल उडते, हे सरकारी संस्थेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. इथे बरकतीच्या वर्षी अर्थसंकल्पात शिल्लक उरली की तिच्यातली काही रक्कम या निधीत टाकायची आणि पुढे अनेक वर्षं गरजेप्रमाणे काढायची, अशी सोय करून ठेवली. निधी एकदा वेगळा झाला की पुढच्या मंदीत अर्थमंत्र्याचा हात सहजासहजी तिकडे जात नाही.

दुसरी सोय गंगाजळीची. १९९१ मध्ये संविधान दुरुस्त करून सिंगापूरनं राष्ट्राध्यक्षपद लोकनियुक्त केलं आणि तिजोरीला दोन किल्ल्या केल्या. चालू सरकारनं स्वतःच्या कारकिर्दीत साठवलेलं धन ते वापरू शकतं. आधीच्या सरकारांनी साठवलेल्या धनाला हात लावायचा तर राष्ट्राध्यक्षांची संमती लागते. ही दुसरी किल्ली पहिल्यांदा वापरली गेली २००९ मध्येच. राष्ट्राध्यक्ष एस. आर. नाथन यांनी ४.९ अब्ज डॉलरना मंजुरी दिली. तो पैसा पगाराच्या अनुदानासाठी आणि बँककर्जांची जोखीम वाटून घेण्यासाठी होता. प्रत्यक्षात सुमारे ४ अब्ज वापरले गेले. २०१० मध्ये अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून अधिक वेगानं उसळली आणि २०११ मध्ये सरकारनं ते ४ अब्ज गंगाजळीत परत भरले. कायद्यानं परत भरणं बंधनकारक नव्हतं. वापरलेली बरणी पुन्हा भरून ठेवावी, एवढाच त्यामागचा विचार.

योगायोग असा, की २००९ ला ही किल्ली मागणारे अर्थमंत्री थर्मन आज स्वतः राष्ट्राध्यक्ष आहेत. ती किल्ली आता त्यांच्या हातात आहे.

पण त्याच वर्षी आणखी एक नियम लागू झाला, ज्याची बातमी कमी झाली. १ जानेवारी २००९ पासून गंगाजळीवर दीर्घ मुदतीत जो खरा परतावा अपेक्षित आहे, त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम दरवर्षी अर्थसंकल्पात वापरायची मुभा सरकारला मिळाली. यातला 'दीर्घ मुदतीत' हा शब्द महत्त्वाचा. बाजार एखाद्या वर्षी कोसळला तरी त्या वर्षीची रक्कम कोसळत नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसाला दरमहा ठरलेलं व्याज मिळावं तसं हे उत्पन्न आहे आणि आज सरकारच्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून भागतो. शिक्षण, आरोग्य आणि संशोधन यांचा खर्च मंदीतही न डगमगण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता पुन्हा अमेरिकेकडे. २००९ च्या कायद्याचा हेतू रास्त होता, पैसा लवकर खर्च व्हावा आणि लोकांना लवकर काम मिळावं. म्हणून एनआयएचला मिळालेला पैसा दोन वर्षांच्या आत वाटून टाकायचा होता. एका खास योजनेत साधारण २०० प्रकल्प निवडायचे होते, तर अर्ज आले २०,००० च्या वर. ज्यांना पैसा मिळाला त्यांनी माणसं नेमली, यंत्रं घेतली, नवे विद्यार्थी घेतले. दोन वर्षांनी पैसा संपला, माणसं तशीच राहिली. २०१३ मध्ये सक्तीची कपात आली आणि एनआयएचच्या अंदाजपत्रकातून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. शाळा-विद्यापीठांना सावरणारा निधीही तोवर आटला होता. या वाचकांमध्ये असे कुणी असतील, ज्यांचा पोस्टडॉक त्या दोन वर्षांत सुरू झाला आणि त्या कपातीत संपला. रस्त्याला डांबर घालायचं काम दोन वर्षांत होतं. उंदरांची एक विशिष्ट जात तयार करून तिच्यावर औषध पारखून पाहायला तेवढा वेळ पुरत नाही.

माझं स्वतःचं काम पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर, म्हणजे मेम्ब्रेनवर आहे. त्यामुळे वेळेचा हा हिशेब मला इथल्या पाण्याच्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसतो. सिंगापूरकडे मोठी नदी नाही. मलेशियातल्या जोहोरहून पाणी येतं आणि त्या करारांवरून वर्षानुवर्षं तणातणी चालत आली आहे. म्हणून १९७४ मध्ये इथल्या जलमंडळानं सांडपाणी शुद्ध करून पिण्याजोगं करण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प उभारला. तांत्रिकदृष्ट्या तो चालला, पण पडदे महाग होते आणि भरवशाचे नव्हते. वर्षभरानं प्रकल्प बंद झाला. फाईल मात्र बंद झाली नाही. १९९८ मध्ये अभ्यास पुन्हा सुरू झाला, २००० मध्ये बेडोक इथे दिवसाला १०,००० घनमीटर क्षमतेचा प्रकल्प चालू झाला आणि २००३ पासून 'न्यूवॉटर' नावानं ते पाणी कारखान्यांना आणि थोड्या प्रमाणात जलाशयांना मिळू लागलं. आज इथल्या पाण्याच्या ४० टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागू शकते. मधल्या २५ वर्षांत जगभर पडद्यांवर काम चालू होतं. विशेषतः कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत हेच तंत्र वापरात येत होतं आणि इथले अभियंते त्यावर नजर ठेवून होते. म्हणूनच २००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन निधीनं सुरुवातीची जी तीन क्षेत्रं निवडली, त्यांत जैववैद्यक आणि डिजिटल माध्यमांबरोबर पाणी होतं. १९७४ ला मिळालेलं अपयश बत्तीस वर्षांनी संशोधनाचा विषय म्हणून परत आलं. दोन वर्षांच्या पॅकेजमध्ये अशी गोष्ट बसवता येत नाही.

हीच गोष्ट २०२० ला उलट बाजूनं दिसली. त्या वर्षी सिंगापूरनं फेब्रुवारी ते मे या सव्वातीन महिन्यांत चार अर्थसंकल्प मांडले. युनिटी, रेझिलियन्स, सॉलिडॅरिटी आणि फोर्टिट्यूड. सगळे मिळून जवळजवळ १०० अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे २० टक्के. राष्ट्राध्यक्ष हलिमा याकूब यांनी गंगाजळीतून ५२ अब्जांपर्यंत काढायला मंजुरी दिली. पुढच्या दोन वर्षांत आणखी मंजुऱ्या मिळाल्या. तीन वर्षांत मिळून प्रत्यक्षात सुमारे ४० अब्ज वापरले गेले. पगाराचं अनुदान पुन्हा आलं. एप्रिल आणि मेमध्ये स्थानिक कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या पहिल्या ४,६०० डॉलरचा ७५ टक्के भार सरकारनं उचलला. ४०,००० नोकऱ्या, २५,००० उमेदवाऱ्या आणि ३०,००० प्रशिक्षणाच्या जागा ठरल्या. नोकऱ्यांमधल्या १५,००० सार्वजनिक क्षेत्रातल्या होत्या, बालवाड्यांतल्या, रुग्णालयांतल्या, तपासणी केंद्रांवरच्या.

हा मदतीचा पैसा होता आणि तो गरजेचाच होता. पण फोर्टिट्यूड हे नाव त्या वर्षी दोनदा वापरलं गेलं. चौथा अर्थसंकल्प मे महिन्यात आला. त्याच्या तीन महिने आधी, फेब्रुवारीत, 'फोर्टिट्यूड' नावाचा कोविडच्या तपासणीचा संच इथल्या रुग्णालयांमध्ये पोहोचलाही होता. ए-स्टार ही सरकारी संशोधन संस्था आणि टॅन टॉक सेंग रुग्णालय यांनी मिळून तो बनवला. विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारीत जाहीर झाल्यावर काही आठवड्यांत संच तयार होतो, तेव्हा त्यामागे काही आठवड्यांचा पैसा नसतो. २००३ च्या सार्समध्ये बायोपोलिसचं काम चालू असतानाच इथल्या जनुकशास्त्र संस्थेनं त्या विषाणूच्या नमुन्यांचे आराखडे वाचून काढले होते. ती माणसं, ती यंत्रं, रुग्णालयाशी असलेलं ते नातं सतरा वर्षं कुणीतरी पगार देऊन टिकवलं होतं. अर्थसंकल्पाच्या फोर्टिट्यूडनं दुकानं वाचवली. आधीचा फोर्टिट्यूड बेगमीतून आला होता.

इथवरचं चित्र गोड आहे. पण मी या व्यवस्थेचं मीठ खाते आणि म्हणून तिची दुसरी बाजूही सांगायला हवी.

२००९ आणि २०२० या दोन्ही वर्षांत पगाराचं अनुदान मिळालं ते नागरिक आणि कायम रहिवाशांच्या पगारावर. एम्प्लॉयमेंट पासवर आलेला माणूस त्यात नव्हता. यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही, कुठलाही देश आधी आपल्या लोकांचंच बघेल. पण परिणाम साधा होता. एखाद्या मालकाला दोघांपैकी एकाला ठेवायचं असेल तर सरकार एकाच्या पगाराला हातभार लावत होतं. पास रद्द झाला की साधारण ३० दिवसांत आवराआवर करून निघायचं. सिंगापुरातल्या मराठी घरांमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात ही गणितं रोज मांडली जात होती. मुलांची शाळा, घराचा करार, आणि विमानं बंद असताना जायचं तरी कसं.

संशोधनातली आम्ही परदेशी माणसं तुलनेनं बरी होतो, कारण आमचा पगार प्रकल्पाच्या निधीतून येत होता आणि तो निधी बेगमीचा होता. तरीही करारात एक वाक्य असतं, की प्रकल्पाला निधी असेपर्यंत ही नेमणूक. ७ एप्रिल ते १ जून २०२० या काळात इथले व्यवहार बंद होते. पडद्याचा एक नमुना पारखायला तो हजारो तास पाण्यात चालवत ठेवावा लागतो. बंद प्रयोगशाळेत तो चालत नाही, कराराची तारीख मात्र पुढे सरकत राहते. तेव्हा मी ज्या संस्थेत होते तिथे मुदतवाढ मिळणार की नाही, हे मला करार संपायच्या तीन आठवडे आधी कळलं. मिळाली. माझ्या शेजारच्या बाकावरच्या दोघांना मिळाली नाही. देशाचा निधी पाच वर्षांचा असला तरी माणसाचा करार वर्षाचा किंवा दोन वर्षांचा असतो. बरणी भरलेली आहे, पण तिच्यातला चमचा दरवर्षी नव्यानं मागावा लागतो. निधीच्या स्थैर्याचा सगळा लवचिकपणा या तळच्या माणसांकडून वसूल केला जातो, हे या व्यवस्थेचं फारसं न बोललेलं सत्य आहे. फक्त सिंगापूरचं नाही. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात जिथे जिथे आपली मुलं पोस्टडॉक आहेत तिथलं हे आहे.

आणखी एक मर्यादा. पैसा योजनेतून येतो तेव्हा दिशाही योजनेतूनच येते. २०१० मध्ये पुढच्या योजनेची घोषणा होताना उद्योगांना उपयोगी पडेल अशा संशोधनाकडे निधीचा कल झुकला आणि मूलभूत प्रश्नांवर काम करायला आलेले काही नावाजलेले शास्त्रज्ञ पुढच्या काळात इथून गेले. यावर थोडा उतारा म्हणून योजनेत एक रक्कम कोरी ठेवायची पद्धत पडली आहे. २०२१ च्या योजनेत ३.७५ अब्ज डॉलर कुठल्याही विषयाला न नेमता ठेवले होते, पुढे काय येईल ते आज कळत नाही म्हणून. सरकारी कागदावर असं लिहायला धैर्य लागतं.

'सिंगापूरचं काय हो, टीचभर देश, त्यात पैसेवाला,' असं ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्याएवढी गंगाजळी ना भारताकडे, ना महाराष्ट्राकडे. पण बेगमीची कल्पना आपल्याला परकी नाही. ती आपल्या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात उतरवली होती.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाखांपर्यंत माणसं खडी फोडत होती. ती मदत होती. दुष्काळ सरला की बंद होणारी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह वेगळा होता. काम मागेल त्याला काम, दुष्काळ असो वा नसो. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आधी प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते १९७५ साल. त्या वर्षी व्यवसाय कराचा कायदा झाला. पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्या प्रत्येकानं पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले पाहिले आहेत. तो हाच कर. शहरातल्या नोकरदारानं भरायचा, राज्य सरकारनं तेवढीच भर घालायची आणि गावातल्या मजुराला हमी द्यायची, अशी त्याची मूळ मांडणी होती. मदतीचं रूपांतर बेगमीत करणारा स्वतंत्र निधी, त्याला स्वतःचं उत्पन्न, मागे कायद्याचा आधार. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे हा अनुभव होता.

विद्यापीठांच्या वाट्याला अशी बरणी कधी आली नाही. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागानं शासन निर्णय काढला. वर्षाच्या तरतुदीतला ३३ टक्केच निधी मिळेल, आणि आरोग्यासारखे विभाग सोडले तर नवी भरती नाही. राज्याच्या तिजोरीत पैसा येत नव्हता, वित्त विभागापुढे फारसे पर्याय नव्हते. पण महाविद्यालयांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट आणि पीएचडी झालेले हजारो प्राध्यापक आधीच भरतीची वाट पाहत होते. त्यांचं मानधन तासावर. त्यांच्यासाठी त्या वर्षी ना मदतीचा पैसा होता, ना बेगमीचा. माझ्या वयाचे, माझ्याइतकेच शिकलेले लोक त्यांत होते. मी सिंगापुरात तीन आठवड्यांची टांगणी सोसली. त्यांची टांगणी वर्षांची होती.

२०२३ मध्ये भारताच्या संसदेनं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. नाव सिंगापूरच्या संस्थेशी जवळजवळ जुळणारं आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट आहे आणि त्यातला मोठा वाटा, सुमारे ३६,००० कोटी, सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यावा अशी अपेक्षा आहे. २००९ मध्ये सिंगापुरात संशोधनाचा खर्च कुणी कमी केला होता, हे इथे आठवावं. खासगी कंपन्यांनी. दोष त्यांचा नाही, मंदीत कंपनी आधी आपला जीव वाचवते. पण ज्या निधीचा दोनतृतीयांशाहून मोठा भाग अशा हातांतून यायचा आहे, त्याची परीक्षा चांगल्या वर्षात होणार नाही. पहिलं वाईट वर्ष येईल तेव्हा राज्य विद्यापीठातल्या एखाद्या प्रकल्पावरच्या मुलीचा पगार तारखेला जमा होतो का, हे पाहावं लागेल. त्याचं उत्तर मात्र आजच्या, त्यातल्या त्यात बऱ्या वर्षांत काय बाजूला काढून ठेवलं जातंय यावर ठरणार आहे.